गाडी गार होईपर्यंत

मामाची गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती. बारामती-इंदापूर रस्त्यावर ती भाड्याने चाले. उन्हाळ्यात तिची एक खोड होती. इंजिन फार तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि धावती गाडी अचानक बंद पडे. मामाचा उपाय ठरलेला होता. सणसरच्या पुढे कालव्याच्या पुलावर थांबायचं, किलतानाचं, म्हणजे गोणपाटाचं, फडकं भिजवून इंजिनाला जोडलेल्या पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचं आणि एक विडी ओढून होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवायचं. नेहमीचे उतारू तेवढ्यात तोंड धुऊन घेत.

मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. वैशाखात सुटीवर आलो होतो. एका दुपारी इंदापूरहून परतताना मामाशेजारी बसलो होतो. लासुर्ण्याला भर रस्त्यात बाज आडवी टाकलेली दिसली. बाजेवर एक माणूस होता. पाण्याच्या पाळीवरून भावकीत मारामारी झाली होती आणि त्याच्या मांडीत कुऱ्हाड बसली होती. जखमेवर आवळलेला पटका भिजून काळा झाला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. त्याच्या थोरल्या भावाच्या हातात कोयता होता. त्याने मागच्या उतारूंना दंडाला धरून खाली ओढलं. एक म्हातारा लवकर उतरेना, त्याच्या पाठीत कोयत्याची मूठ हाणली.

"बारामतीचा दवाखाना," तो मामाला म्हणाला. "मधी कुठं थांबायचं न्हाय."

जखमीला मागच्या बाकावर आडवं केलं. धाकटा भाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. थोरला मामाच्या पाठीमागे उकिडवा बसला.

"सकाळी आमच्या भावकीला इंदापूरला कुनी न्हेलं? तूच न्हवं?"

"भाडं हाय, आबा. उद्या तुमालाबी न्हेईन."

"जीब लई चालती तुजी. गाडी चालव."

एवढ्या वेगाने मामाने ती गाडी कधी हाकली नव्हती. पुलाजवळ त्याने पाय सैल केला. कोयत्याचं पातं त्याच्या मानेला टेकलं.

"फडकं भिजवाय लागतं, आबा. न्हायतर बंद पडंल."

"पडू दे. मग बघतो तुज्याकडं."

आम्ही पूल मागे टाकला. मामाच्या कॉलरवर रक्ताची बारीक रेघ उतरली. थोडं अंतर गेल्यावर गाडी दोनदा खोकली आणि हिसका देऊन थांबली.

काय झालंय ते मामाला ठाऊक होतं. तरीही थोरल्याला पटावं म्हणून त्याने सगळं करून दाखवलं. प्लगची तार काढून लोखंडाजवळ धरली. मी पुढून इंजिनाचं हँडल मारलं, निळी ठिणगी पडली, म्हणजे वीज ठीक होती. मग कार्बोरेटरजवळ नळीची चावी सोडली. मी पुन्हा हँडल मारलं. फुसफुस झाली, वास आला, पेट्रोलचा थेंब आला नाही.

"टाकी अर्धी भरलेली हाय. मधी वाफ धरलीया. कालव्यातनं फडकं भिजवून आनतो."

"पलीकडं कुनाचं रान हाय? पळतोस व्हय?"

पलीकडच्या काठाला भावकीचीच रानं होती. थोरला मामाला सोडेना. मी जातो म्हणालो, तर मलाही कोयता दाखवला.

"मग गार होऊ द्या," मामा म्हणाला. "आपसूक लागंल."

"गार आमचा भाऊ व्हतोय, भाडखाऊ!"

त्याने माझ्या हातातून हँडल हिसकलं आणि मामाच्या उजव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. मामा पडल्यावर त्याने बरगड्यांत लाथा घातल्या. मी त्याचा हात धरला तेव्हा त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं. एक दात तुटला, तो मी थुंकून टाकला.

"दादा, त्यो पानी मागतोय," धाकटा आतून ओरडला.

पाणी कुणाकडेच नव्हतं. थोरला गाडीभोवती फिरत राहिला. मधूनच येऊन तो मामाला लाथ घाली. शेवटी धाकटा खाली उतरला, त्याने हँडल उचललं आणि रडत मारायला लागला. तोवर इंजिन निवलं होतं. गाडी सुरू झाली.

थोरल्याने आधी इंजिनाकडे पाहिलं, मग मामाकडे.

"बगितलंस? सोंग करत हुता! मगापासनं कळ ह्याच्याच हातात हुती!"

त्याने मामाला केसांनी धरून उभं केलं आणि त्याचं कपाळ मडगार्डवर आपटलं. एकदा, मग पुन्हा.

"मला मारलंस तर चालवनार कोन?" मामा म्हणाला. तोंडातल्या रक्तामुळे शब्द नीट उमटत नव्हते. "तू?"

तिथे दुसऱ्या कुणालाच गाडी चालवता येत नव्हती.

मामाने डाव्या हाताने चाक धरलं. गिअर मी टाकत होतो. तो 'दुसरा' म्हणाला की दांडी ओढायची, 'तिसरा' म्हणाला की ढकलायची. कन्हेरीच्या अलीकडे इंजिन पुन्हा खोकलं. मामाने गाडी पाटाच्या कडेला घेतली आणि स्वतःच बंद केली. मागे कोयता वर झाला. मामाने वळून पाहिलं नाही.

"हान. पन आदी फडकं भिजव."

थोरला तसाच राहिला. धाकट्याने भावाचं डोकं बाकावर ठेवलं, फडकं घेऊन पाटाकडे धावला आणि ते निथळत घेऊन आला. कुठे गुंडाळायचं ते मामाने डाव्या हाताने दाखवलं. पंपावरून वाफ उठली. धाकट्याने धोतराचा सोगा भिजवून आणला होता, तो भावाच्या तोंडात पिळला. इंजिन निवेपर्यंत थोरला कोयता मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला होता. त्यानंतर बारामतीपर्यंत गाडी कुठेही थांबली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा जखमीचा श्वास चालू होता. दिवस मावळायच्या आत तो गेला. थोडं आधी आणला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

हवालदाराने मामाला मनगटाचं विचारलं. जुन्या गाडीचं हँडल कधी कधी उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. त्या काळच्या ड्रायव्हरांत असे हात पुष्कळ होते.

"हँडल उलटलं," मामा म्हणाला.

"आन् कपाळ?"

"त्याच्यावरच पडलो."

थोरला शेजारीच उभा होता. त्याच्या धोतरावर भावाचं रक्त वाळलं होतं. बाहेर आल्यावर मी मामाला खोटं सांगण्याचं कारण विचारलं.

"रोज त्याच रस्त्यानं जायाचं हाय मला," तो म्हणाला.

मनगट वाकडं जुळलं. मामा चाक धरू शके, पण मूठ आवळत नसे. पुढच्या वैशाखात मी पुन्हा सुटीवर होतो. लासुर्ण्याला थोरला एकटाच गाडीत चढला. भावाच्या खुनाच्या खटल्यात साक्षीसाठी त्याला पुण्याला जायचं होतं आणि रेल्वे बारामतीहून होती. मामाने त्याला मागे जागा दिली.

पुलावर मामाने गाडी थांबवून बॉनेट उघडलं. थोरला कुणी न सांगता उतरला, किलतानाचं फडकं घेऊन कालव्यात उतरला आणि भिजवून वर आला. काठावर तो ते पिळायला लागला.

"पिळू नगं," मामा म्हणाला. "पानी ऱ्हाऊ दे त्यात."

थोरल्याने ते तसंच निथळतं आणून पंपावर गुंडाळलं. मामाने डाव्या हाताने विडी पेटवली. ती संपेपर्यंत दोघेही इंजिनाकडे बघत उभे होते.