लेपाखालची दाढ

तोंडावर सगळी पोरं तिला बाई म्हणायची आणि पाठ फिरली की दातबाई. तिला ते ठाऊक होतं, त्याचं काही वाटत नसे. दातांच्या दवाखान्यात तिचा हुद्दा हायजिनिस्टचा, म्हणजे दातांची सफाई आणि निगा राखण्याचा. पण दातबाई म्हटलं की कुणालाही पटकन कळायचं. आठवड्यातले दोन दिवस ती शाळाशाळांतून फिरायची. पिशवीत प्लॅस्टरचा मोठा जबडा, हातभर लांब ब्रश, आणि तोंडाचा पट्टा असा चालायचा, की मुख्याध्यापकही चघळायची गोळी खिशातच ठेवत.

तिचं खरं कसब मात्र बोलण्यात नव्हतं, लेप लावण्यात होतं. सहाव्या-सातव्या वर्षी मुलांना पहिली कायमची दाढ येते. तिच्यावर खोल खाचा असतात. ब्रशचा केस तिथे पोचत नाही, बिस्किटाचा चुरा मात्र बरोबर पोचतो. त्या खाचा पातळ लेपाने बुजवायच्या, वर निळा दिवा धरायचा, की लेप घट्ट बसतो. अट एकच, दाढ कोरडीठाक हवी. लाळ लागली तर लेप वरून छान दिसतो, पण खाली धरत नाही. म्हणून हे काम एकटीने करायचं नाही. लाळ ओढायची नळी दुसऱ्याने धरायची, आणि जरा ओलं झालं की सगळं पुसून पहिल्यापासून. दवाखान्यातल्या नव्या मुलींना ती हे इतक्यांदा ऐकवायची, की त्या मागून तिची नक्कल करत.

तिची स्वतःची लेक चौदा वर्षांची. एका आठवड्यात ती डाव्या बाजूने चावेनाशी झाली. गार पाणी लागलं की डोळ्यांत टचकन पाणी यायचं, पण तीन दिवस तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. दातबाईच्या मुलीचा दात दुखतो म्हणजे घरात काय महाभारत होईल, याची तिला कल्पना होती. चौथ्या दिवशी आईने टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावलं. खालच्या दाढेवरचा लेप जागच्या जागी होता, पण त्याच्याखाली करडी सावली पसरलेली. ती सावली म्हणजे आतली कीड, हे आईला बघताक्षणी कळलं. तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं. रात्रीचा ब्रश बुडवतेस ना, असं तिने विचारलं. मुलीने मान खाली घातली. बुडवत होती बिचारी, अधूनमधून. त्या वयात कोण बुडवत नाही?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लेप काढला. दाढ आतून पार पोखरलेली, कीड आतल्या शिरेपर्यंत गेलेली. रूट कॅनल करून पाहू म्हणाले. टिकली तर टिकली, नाहीतर काढावी लागेल, आणि ही पुन्हा यायची नाही. मग त्यांनी मुलीला फैलावर घेतलं. आई जगाला शिकवते आणि तू चॉकलेटं चघळत बसतेस, वगैरे. मुलगी आ वासून निमूट ऐकत होती. आई शेजारी नळी धरून उभी होती आणि एक अक्षर बोलली नाही.

कारण तिच्या डोळ्यांसमोर सात वर्षांपूर्वीचा एक रविवार उभा होता. दवाखाना बंद, किल्ली तिच्याकडे. नळी धरायला कुणी नव्हतं. घरच्या पोरीसाठी कुणाला सुट्टीचं कशाला बोलवायचं? पोरगी चुळबुळ करत होती, ऐन वेळी खोकली. दाढ ओली झाली. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण पोर रडवेली झालेली, बाहेर नवरा गाडी सुरू करून थांबलेला. जाऊ दे, घरातच तर आहे, लक्ष ठेवू, असं म्हणत तिने दिवा धरला. पुढे लक्ष ठेवायचं राहूनच गेलं. शाळेतल्या मुलांना, लेकीच्या वर्गालाही, ती लेप लावून दर सहा महिन्यांनी तपासायची, त्यांची कार्डं असायची. लेकीचं कार्ड कधी केलंच नाही.

घरी आल्यावर मुलगी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. ओठ अजून बधिर होता, शब्द जड येत होते.

"सॉरी आई," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुला खाली बघावं लागलं. आता रोज करीन ब्रश."

गप्प बसणं किती सोपं होतं! डॉक्टरांना संशय नव्हता आणि पोरगी गुन्हा कबूल करून मोकळी झाली होती. आईला स्वतःची किळस आली. मग तिने सगळं सांगितलं. तो रविवार, तो खोकला, ती घाई, काही झाकलं नाही.

"चूक तुझी नाही, माझी आहे. मला तेव्हाच दिसलं होतं."

मुलीने मान वर केली.

"माझ्या वर्गातल्या सगळ्यांना तूच लावला होतास ना लेप? त्यांचाही असाच?"

"नाही गं. त्यांचा नीट लावला. कुणाकुणाचा तीन-तीनदा पुसून."

"म्हणजे फक्त माझाच."

आईने मान हलवून हो म्हटलं. खोटं बोलायला आता तोंडच राहिलं नव्हतं.

मुलगी उठली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच, मागे न बघता म्हणाली, "परवा पुन्हा जायचंय ना, तेव्हा तू आत येऊ नकोस."

आई बरं म्हणाली.