मिस्त्रींचा सातवा पेचकस

मिस्त्रींकडे कोणी पेचकस मागितला, की ते म्हणायचे, "आधी स्क्रू दाखव." स्क्रू बघितल्याशिवाय पेचकस हातात द्यायचे नाहीत. शिकवणाऱ्या सरांनाही नाही.

आम्ही नेमबाजीच्या एका हॉलमध्ये कामाला होतो. मी झाडू मारायची आणि मुलांचे छर्रे लागलेले कागद काढून नवे लावायची. मिस्त्री स्पर्धेची छर्ऱ्याची पिस्तुलं दुरुस्त करायचे. ते महाल भागात एका खोलीत एकटे राहत, मी मनीषनगरला एकटी. दुपारी मुलं शाळेत असायची. तेव्हा त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघंच डबा खायचो. फार बोलायचो असंही नाही.

कापडाच्या गुंडाळीत त्यांचे सहा पेचकस होते. प्रत्येकाचं टोक स्वतः कानशीनं घासून एकेका स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं केलेलं. "ढिला पेचकस लावला का खाच मरते बाई. मंग ते कोणाच्यानंच फिरत नाही." माझ्या जुन्या कुकरच्या दांडीचा स्क्रू हलायचा, म्हणून एकदा झाकण घेऊन गेले. त्यांनी खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि झाकण परत दिलं.

"याचा पेचकस नाही माह्याजवळ."

"सहा आहेत ना समोर."

"ते पिस्तुलाचे हायेत. तुह्या भातासाठी नाहीत."

मला राग आला. चार दिवस मी त्यांना चटणी दिली नाही.

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला नेम धरायची पट्टी असते. छर्रे डावीकडे लागत असतील तर ती उजवीकडे सरकवायची. स्क्रू फिरवला की टक असा आवाज येतो. एक टक म्हणजे केसभर सरकणं. मिस्त्री कान लावून टक मोजायचे आणि आकडा टेबलाच्या लाकडावर पेन्सिलीनं लिहायचे. मुलं घाईची. "मिस्त्रीकाका, पट्टी फिरवा ना, डावीकडे गेला."

"किती मारले?"

"एक."

"एकावर हात लावत नाही मी. चार अजून मार. पाचही तिकडंच गेले तर पट्टी चुकली. नाही तर तुहा हात चुकला."

बहुतेक वेळा हातच चुकलेला असायचा. दुरुस्त झालेलं पिस्तूल मात्र मिस्त्री वाळूच्या पिशवीवर टेकवून स्वतः पाच छर्रे मारायचे, आणि त्यावरून पट्टी बसवून द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावरून तीन पिस्तुलं दुरुस्त होऊन गेली आणि तिन्ही मुलांचे छर्रे डावीकडे लागायला लागले. मी चौथी शिकले, पण भोक काळ्या गोलाच्या कुठल्या बाजूला आहे हे कळायला शाळा लागत नाही. त्यातल्या एका मुलीची निवडचाचणी आठ दिवसांवर होती. हात चुकतो म्हणून सरांनी तिला झापलं. ती बाथरूममध्ये रडत होती. मिस्त्री चहाचा कप चाचपून उचलतात, हे मी त्याआधीच बघितलं होतं.

तरी मी बोलले नाही. एका कागदावर बोलायचं नाही, हे त्यांचंच शिकवणं. पाच कागद जमले, तेव्हा डब्याच्या वेळी त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"हे काय वं?"

"तुम्ही बसवलेल्या पिस्तुलांचे."

"पोट्ट्यांचे हात..."

"पाच आहेत, मिस्त्री."

त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. "सरले सांगितलं?"

"नाही. आधी तुम्हाले."

"उजवा डोळा गेला बाई. पडद्याचं दुखणं आहे म्हणे. डावाही जाऊन राहिला."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगून मंग डबा कुठी खाल्ला असता?"

त्यांनी टेबलावरचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले आणि तेवढेच टक उलटे फिरवून तिन्ही पट्ट्या आधी होत्या तिथं नेल्या. डोळे मिटूनच केलं सगळं. संध्याकाळी त्या मुलीचे छर्रे मधोमध लागले. मग मिस्त्रींनी सरांना स्वतः जाऊन सांगितलं आणि घरी गेले.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी त्यांना रायपूरला न्यायला आली. निघताना ते हॉलवर आले आणि गुंडाळी माझ्या हातात दिली. "नव्या माणसाले देजो नको." मी म्हटलं, "जपून जा." दुसरं काय म्हणणार?

तिकडून कधी फोन यायचा. "कागद कसे येऊन राहिले?" मी म्हणायची, "मधोमध." एवढंच. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला, मिस्त्री गेले म्हणून.

मी मिस्त्रींना सांगितलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पोरगी फुकट बोलणी खात होती. पण डबा आता एकटी खाते, आणि हॉल आहे तेवढाच मोठा आहे.

फोन आला त्या दिवशी मी गुंडाळी पहिल्यांदा सोडली. आत सात पेचकस होते. सहा माझ्या ओळखीचे. सातवा आखूड, रुंद टोकाचा, नवीन घासलेला. पिस्तुलाला एवढा मोठा स्क्रू कुठंच नसतो. मी कुकरचं झाकण आणलं. टोक खाचेत बसलं, जरासुद्धा हललं नाही. त्या पंधरा दिवसांत घरी बसून घासला असेल. डोळ्यांनी तर नाहीच, नखाच्या मापानं.

दांडी घट्ट केली. मग कुकर लावला. एका माणसाचा भात.