अर्ध्या पानावरून न उठणारा

चेन्नईत गिंडीतल्या आमच्या भाड्याच्या सामायिक ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक तंजावरी मराठी गृहस्थ बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. ते मला अक्का म्हणतात. रोज कुठली तरी एआय मॉडेलची अख्खी गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि सगळ्या अवजड फाइलींचं कोठार, क्लोन करायला, म्हणजे जसंच्या तसं उतरवायला लावायची आणि लॅपटॉपवर हात ठेवून सरकते आकडे बघत बसायचं, ही त्यांची पूजा. तेवढा वेळ आम्हा सगळ्यांचं नेट झोपतं.

त्या दुपारी माझी नोकरीची व्हिडिओ मुलाखत होती. मी अक्षरशः हात जोडले. "अहो, थांबवा ते! नुसता कोड घ्या, लागेल ती एकच मोठी फाइल नंतर उतरवा."

"अर्ध्या पानावरून उठू नये, अक्का," ते शांतपणे म्हणाले.

मुलाखतीत माझा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला, तो गोठलाच. तेवढ्यात शेजारून "अय्यो!" ऐकू आलं. त्यांची डिस्क भरली होती. अशी प्रत्येक मोठी फाइल क्लोनमध्ये दोनदा साठते; यांनी जागा एकदाचीच ठेवलेली. त्यांनी सगळं पुसलं, कॉफीचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले,

"इथलं नेट मात्र झकास आहे हं, अक्का."