नऊ कागदांवरचे गोल

जिवंत माणसांशी ज्यांचे सलग दोन दिवस कधी पटले नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाशी ज्यांचा अकरा वर्षांत एकदाही खटका उडाला नाही, असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ऐंशीच्या दशकात ते मुलुंडला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एकटे राहत. सगळी इमारत त्यांना काका म्हणे, पण पुतणेपणाचा हक्क मात्र कुणी बजावत नसे. त्यांच्या दाराशी मुलुंड संपते आणि दक्षिण कोकणातला फार जुना एक डोंगरउतार सुरू होतो, असे मला नेहमी वाटे. दार उघडले की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येई, मग जुन्या कागदांचा, किंचित आंबूस, पावसात राहिलेल्या लाकडासारखा. आणि सर्वांत शेवटी काकांचा आवाज. "या बाई. चपला बाहेर ठेवा. आज त्यांची भाजावळ चाललीय."

'ते' म्हणजे सखाराम बाळाजी, काकांचे खापरपणजोबा. भाजावळ म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांची जमीन भाजतात ती. सखाराम बाळाजींचे सारे आयुष्य काकांच्या घरात वर्तमानकाळात चाले. चैत्र आला की काका खिडकीतून समोरच्या टेकड्यांकडे पाहत आणि बियाणे कोणत्या कणगीत ठेवले असेल याची काळजी करत. रस्त्यावरचा झाडूवाला पाने पेटवी, त्या धुराने इतरांना खोकला येई. काका मात्र डोळे मिटून तो धूर आत घेत. श्रावणात ऊन जरा जास्त दिवस टिकले की त्यांचा चेहरा उतरे. त्यांच्या खिडकीत तुळशीचे एक रोप होते, तेही पाण्यावाचून वाळून गेले. पण दीडशे वर्षांपूर्वीची नाचणी करपू नये म्हणून ते खरोखर अस्वस्थ असत.

काकांनी उभी नोकरी इथल्याच एका औषधांच्या कारखान्यात लेबले तपासण्यात घालवली होती. एक टिंब इकडचे तिकडे झाले तर माणूस दगावेल, या धास्तीत तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर छापील अक्षरावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला. लग्नाचे आमंत्रण द्यायला कुणी आले तर काका लाल पेन्सिलीने पत्रिकेतल्या चुका दुरुस्त करून ती त्याच्याच हाती परत ठेवत. हळूहळू लोक त्यांना तोंडी बोलावू लागले, आणि मग तेही राहून गेले. स्वतः त्यांनी लग्न केले नाही. का, हे विचारण्याइतके जवळ कुणी गेलेच नाही.

सकाळी दूध केंद्राच्या रांगेत मी बहुधा त्यांच्या मागे असे. केंद्रावरची बाई मालवणची. काकांच्या बोलण्यातून तिने एवढेच ताडले होते की यांच्या घरी कुणी जख्ख म्हातारे अंथरुणाला खिळलेले आहे. दुधाचा तुटवडा असला तरी त्या म्हाताऱ्यासाठी ती एक जास्तीची बाटली बाजूला ठेवी.

"काका, आजोबांका बरा आसा मां?"

"वय झालं आता. डोळ्यांनी दिसत नाही."

"मोतीबिंदू आसतलो. ऑपरेशन करून घेवा."

"त्या काळी कुठलं ऑपरेशन?" असे म्हणून काका बाटल्या पिशवीत घालून शांतपणे चालू लागले. बाई माझ्याकडे पाहत राहिली. "ह्या काळी नाय तर मग कधी?" तिने मला विचारले.

माहितीसाठी ते कुठेही जात. एकदा पार्ल्याला एका मंगल कार्यालयाबाहेर त्यांना स्वतःचे आडनाव फुलांत गुंफलेले दिसले. ते सरळ आत शिरले, वधूच्या मामांना गाठले आणि वही उघडून विचारू लागले: मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, खापरपणजोबांचे नाव काय. मामांना वाटले, वरपक्षाकडचे कुणी ज्येष्ठ आयत्या वेळी शंका काढत आहेत. त्यांनी वधूच्या वडिलांना बोलावून आणले. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "काका, अक्षता पडायच्या वेळेला कसली हो चौकशी काढलीत? काही चुकलं असेल तर आम्हाला सांगा." काकांना पहिल्या रांगेत बसवले, शाल दिली, नारळ दिला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या वहीचे पान कोरेच होते. शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली. "चांगली माणसं होती," ते म्हणाले, "पण रत्नागिरीच्या वरची निघाली."

गावाकडच्या नातेवाइकांना ते जोडकार्डे धाडत. एका कार्डावर ओळीने सात प्रश्न आणि दुसरे उत्तरासाठी कोरे. गावी राहणाऱ्या एका चुलतभावाचे उत्तर त्यांनी मला दाखवले होते. 'प्रश्न एक ते सात: माहीत नाही. आठवा तू विचारला नाहीस, तरी कळवतो. प्रकृती बरी आहे.' काकांनी ते कार्ड 'निरुपयोगी' असे लिहिलेल्या पाकिटात ठेवले होते. त्या पाकिटाची जाडी पाहून मला उगाचच वाईट वाटले.

खरे धन होते ते एका पत्र्याच्या नळीतले अकरा कागद. सगळे मोडीत, कचेरीत झालेले. पडीक उतार लागवडीला घेतल्याची कबुलायत, ओढ्याचे पाणी वळवण्यावरून शेजाऱ्याशी झालेला तंटा, बांध फुटल्याची अर्जी, पुन्हा घातल्याची अर्जी. प्रत्येक कागदावर नाव एकच, सखाराम बाळाजी. साठीच्या उंबरठ्यावर काका केवळ या कागदांसाठी मोडी शिकले. भिंग धरून ते वाचत तेव्हा त्यांचे ओठ हलत, आणि एरवी कोरडा असणारा त्यांचा आवाज ओला होई. या कागदांवरून त्यांनी एक अख्खा माणूस उभा केला होता: हट्टी, अबोल, पाण्याची नाडी ओळखणारा, मोठे आयुष्य लाभलेला. पहिल्या दोन कागदांच्या तळाशी, ज्याला लिहिता येत नाही असा शेतकरी काढतो तशी, नांगराची छोटी आकृती होती. पुढच्या नऊ कागदांवर नुसता गोल होता. काकांचे म्हणणे असे, की नजर गेली तसा नांगर रेखणे जमेना. म्हणून म्हातारा आपला एक गोल ओढून मोकळा होई. मोतीबिंदूचा उगम हा.

त्याच सुमारास त्यांच्या आडनावाच्या लोकांचा कुलवृत्तांत छापायचे ठरले. बोरिवलीला कमिटी बसली. डॉक्टर, वकील, कलेक्टर यांना पाने मिळणार होती. बाकीच्यांना एकेक ओळ. काकांनी वर्षभर खेटे घालून सखाराम बाळाजींसाठी दोन पाने मिळवली. त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून कोकम सरबत दिले, आणि स्वतःचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "माझ्यानंतर आमच्याकडचं कुणी नाही, बाई. कुणीतरी होतं, एवढं तरी छापलेलं राहील."

मजकुरावरून नजर फिरवण्यासाठी त्यांनी तो माझ्याकडे दिला. सोबत एका कागदाची, ट्रेसिंग पेपरवर गिरवलेली, गोलासकट नक्कल होती. मी ती पार्ल्याला, मी शिकवत असे त्या कॉलेजात नेली आणि सहज, केवळ कौतुकाने, इतिहासाच्या सरांपुढे ठेवली. सरांना मोडी चांगली येई. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ही बांगडी आहे."

"काय?"

"निशाणी. पुरुष नांगर काढायचा, बाईमाणूस बांगडी. हा कागद कुणा बाईने करून दिलाय."

"पण नाव सखारामाचं आहे."

"खातं त्याचं असेल. तो गेला असेल. कचेरीपुढे उभी राहिली ती ही."

मी ती नक्कल वहीत ठेवून घरी आणली आणि आठ दिवस काकांपुढे गेले नाही. भिंतीपलीकडे ते भांडी विसळत, खाकरत, कधी सखाराम बाळाजींना काही सांगत. आणि ओढलेल्या गोलाइतके साधे एक वाक्य माझ्या जिभेवर जड होऊन बसले होते. गप्प राहिले असते तर ती दोन पाने तशीच छापली गेली असती. पण ज्याने आयुष्यभर एका टिंबासाठी लेबलांचे गठ्ठे परत पाठवले, त्याच्यापासून हे लपवणे मला जमेना.

मी सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. अकरा कागद काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. दोन नांगर, नऊ गोल. वरच्या मजल्यावर कुणीतरी लसणीची फोडणी दिली. काका गुडघ्यांवर बसून एकेका गोलावर बोट फिरवत गेले. शेवटच्या कागदावर पोचले, पुन्हा तिसऱ्यावर आले आणि तिथली तारीख पाहिली.

"म्हणजे ते तिशीतच गेले," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "बांध तिने घातला." आणि मग, "ओढा तिने वळवला. फुटल्यावर पुन्हाही तिनेच."

त्यांनी कागद एकेक करून गोळा करायला घेतले.

"या घराचं विजेचं बिल अजून माझ्या वडिलांच्या नावावर येतं, बाई. भरतो मी. हे मला कळायला हवं होतं." भिंग त्यांनी खिशात ठेवले. "मोतीबिंदू नव्हताच तर."

आठवडाभर खपून त्यांनी दोन पाने नव्याने लिहिली. काय लिहिले होते ते मी वाचले आहे. इतके नितळ गद्य त्यांच्या हातून उतरेल असे मला वाटले नव्हते. ती पाने वाचून कमिटीचे सेक्रेटरी स्वतः बोरिवलीहून आले. रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन ते खाटेच्या कडेला बसले. मी चहा घेऊन गेले होते.

"सगळं ठीक आहे हो काका, पण या बाईंचं नाव कुठंय?"

"सापडलं नाही."

"मग वर मथळा काय देऊ? सखारामची बायको? लोक हसतील मला. आणि ज्यांना नाव आहे त्यांना एकेक ओळ दिलीय आपण."

"तिला दोन नावं होती," काका म्हणाले. "माहेरचं एक, सासरचं एक. दोन्ही गेली."

"म्हणून म्हणतो, आधीचंच छापू या ना. मस्त लिहिलं होतंत. कोण तपासायला येणार आहे?"

काकांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारली. मग म्हणाले, "आधीचं परत द्या."

"अहो, मग एकच ओळ येईल. नाव आणि पुढे शेती. बघा बुवा, नंतर मला बोल लावाल."

"येऊ दे."

सेक्रेटरींनी बॅगेतून जुनी पाने शोधून काढली आणि थोड्या रागानेच त्यांच्या हातात दिली. पुस्तक वेळेवर निघाले. ती ओळ डाव्या पानावर, तळाशी होती. 'सखाराम बाळाजी. शेती. अल्पायुषी.' त्याखाली तीन नावांनंतर काकांचे स्वतःचे नाव आणि 'अविवाहित' एवढा शब्द. त्या पानावर त्यांना एकही चूक सापडली नाही.

त्यानंतर शेजारचे घर गप्प झाले. भाजावळ झाली नाही, पेरणी झाली नाही. न राहवून एकदा मीच विचारले, "काका, शेतावर काय चाललंय?" ते अवघडले. "विचारू कुणाला, बाई? त्यांना मी हाक मारायचो. हिला काय म्हणून हाक मारू?"

मग एका दिवेलागणीला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "जानकी." पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, "सत्यभामा." मग रोज एकेक. भागीरथी, येसू, रखमा, सीता. आतल्या माणसाला पाणी मागावे इतक्या साधेपणाने ते नाव घेत आणि थांबत. देवापुढची वात सारणारा माझा हातही आपोआप थांबे. थोड्या वेळाने त्यांच्या स्टोव्हचा भणभणाट सुरू होई, म्हणजे आजचे नाव संपले.

पुढे पाय सुजू लागले तेव्हा भाची त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. मी एकदाच भेटायला गेले. गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते, फार वाळले होते. गुडघ्यांवर पांघरूण, हातांत काही नाही. त्यांनी मला ओळखले आणि जवळ बोलावले.

"गोदावरी राहिलं होतं, बाई. काल घेऊन पाहिलं."

"मग?"

त्यांनी मान किंचित कलती केली. खाली कुणीतरी वाळलेले कपडे झटकत होते. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो, ओ येते का ते ऐकत.