माझ्या पाठीवर बगदाद

"झुको," साहेब म्हणाला.

मी वाकलो.

"और झुको."

आणखी वाकलो. मग त्यानं माझ्या उघड्या पाठीवर जग पसरलं.

तुम्हाला वाटेल, थाप मारतोय. थापा मी मारतो, नाही म्हणत नाही. मी नागफणीच्या कड्यावर वाघाला तंबाखू दिली होती, ही गोष्ट आमच्या कुरवंडे गावात अजून सांगतात आणि तिच्यात निम्मं तरी खरं आहे. पण नकाशाची गोष्ट अख्खी खरी. पहिली मोठी लढाई संपली होती आणि जिंकलेली जमीन कुणी किती घ्यायची याचा घोळ साहेबलोकांत चालला होता. त्यातला थोडा घोळ माझ्या पाठीवर झाला. कमरेपाशी बसरा, बरगड्यांत बगदाद, खांद्याच्या फऱ्यांवर तुर्कस्तान. मोसल कुठं आलं ते नक्की सांगता येत नाही, पण मणक्यात एक जागा पावसाळ्यात अजून ठणकते. तिथंच असावं.

आम्ही खुर्चीवाले. लोणावळ्याच्या बंगल्यांत उतरलेल्या बड्या लोकांना डोंगर बघायचा असे, चढायचा नसे. मग दोन बांबूंना खुर्ची बांधायची, चौघांनी उचलायची आणि कुरवंड्यावरून नागफणीच्या टोकापर्यंत न्यायची. साहेबलोकांनी त्या टोकाला आपल्या कुणा सरदाराच्या नाकाचं नाव दिलंय. डोंगर आमचा, नाक त्यांचं.

खुर्ची उचलायची एक रीत असते. पुढच्याला वाट दिसते. मागच्याला बसलेल्याच्या ढुंगणाशिवाय काही दिसत नाही. म्हणून पुढच्यानं हाक द्यायची, मागच्यांनी झेलायची. आमचा पुढचा म्हादूआबा. वस्तीतला सगळ्यात वडीलधारा, आवाज असा की खाली कोकणात कोंबडे आरवायचे.

"दगूड डावा!"

"डावा!"

"खांदा!"

"बदल!"

"खुर्ची!"

"खाली!"

मधेच आबा घालायचा, "रेडा माजलाय!" आम्ही झेलायचो, "माजू द्या!" खुर्चीतल्या साहेबाला वाटे, आम्ही देवाचं नाव घेतोय. एका मडमेनं तर "रेडा माजलाय"ला डोळे मिटून हात जोडले होते. देवाशपथ.

त्या दिवशी दोन खुर्च्या होत्या. एकीत हा साहेब, परराज्यांच्या कारभाराच्या खात्यातला कुणी मोठा अंमलदार, नुकताच अरबांच्या मुलखातून आलेला. दुसरीत पुण्याचे एक रावबहादूर. आमच्या खांद्यावर हेच. हे बसले की बांबू कण्हायचा. निघताना त्यांच्या मनात जरा चलबिचल झाली, कारण उचलणारे आम्ही वस्तीचे, पाणवठ्याच्या खालच्या अंगाला राहणारे. मग स्वतःशीच पुटपुटले, "खुर्ची लाकडाची आहे. लाकडाला विटाळ नाही." आणि बसले. साहेब पुढं निघाला की शास्त्रसुद्धा मऊ होतं.

मला त्या दिवशी खुर्चीला जायची घाई होती. कारण माझी वहिनी. माझा थोरला भाऊ, आम्ही दादा म्हणायचो, पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेलता. लढाई संपली, तोफा वाजवल्या, बाजारात साखर वाटली. दादा आला नाही. कुठं आहे, का आहे, कुणी सांगेना. वहिनीला कुठून तरी कळलं की आजचा साहेब तिकडूनच आलाय. पहाटे मी भाकर बांधत होतो, ती दारात उभी राहिली.

"भावजी, त्यास्नी एवढंच इचारा. कवा येनार म्हनावं."

"इचारतो."

"घाबराल."

"मी? वाघाला तंबाकू दिली म्या."

"वाघाला इचारायचं न्हाई. साह्यबाला इचारायचंय."

म्हणून गेलतो.

वर टोकावर वारा नेहमीसारखाच पिसाळलेला. कोकणातून कड्यानं वर येतो आणि टोपी खाली टाकली तर परत आणून तोंडावर मारतो. साहेबाला रावबहादुरांना नकाशा दाखवायचा होता. खडकावर पसरावा तर उडतोय. भुईवर बसावं तर विजार मळतेय. साहेबानं इकडंतिकडं बघितलं. त्याची नजर माझ्यावर आली, आणि ती नजर मला अजून ओळखता येईल. बाजारात चौरंग बघतात तशी.

"झुको."

पुढचं सांगितलंच. नकाशा उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर सिगारेटची डबी. एका कोपऱ्यावर, माझ्या मानेवर, चहाची कपबशी. चहा गरम. एक कोपरा साहेबाच्या डाव्या हाताखाली. उरलेला रावबहादुरांनी दाबला, काठीच्या टोकानं. हात लावला नाही. काठी लाकडाची.

साहेबानं लाल पेन्सिल काढली आणि माझ्या पाठीवर रेघा ओढायला लागला. हे फ्रान्सला. हे आपल्याला. बोली साहेबाची, अर्थ मला मागाहून कळला, पण गावांची नावं तेव्हाच कळत होती. बसरा म्हणाला की माझ्या कमरेत टोचायचं. बगदाद म्हणाला की बरगडीत. रावबहादूर दर रेघेला मान हलवत होते, जणू पुण्यात त्यांच्या बागेचं कुंपण चाललंय. मी दात आवळून उभा. उभा कसला, ओणवा. तोंडासमोर माझेच दोन पाय. वाटलं, दादाच्या मुलखावर पेन्सिल फिरतेय, आता दादावरनं जाईल.

चहाचा एक थेंब मानेवर सांडला. मी शहारलो.

"टेबल हिलता है," साहेब म्हणाला.

दोघं हसले. मोठ्यानं, पोट धरून. म्हादूआबा लांब बसला होता, तो हसला नाही.

मी तसाच ओणवा बोललो. "रावसाहेब, एक इचारू?"

टेबल बोललं म्हणून रावबहादूर दचकलेच. "काय रे?"

"माझा भाऊ तितं हाय. लडाई सरली, मग कवा सोडत्याल त्येला?"

रावबहादुरांनी ते साहेबाला सांगितलं. साहेब काहीतरी म्हणाला. रावबहादूर खाकरले आणि सभेत बोलावं तसं बोलले.

"हे बघ. तुर्काचं राज्य बुडालं. आता त्या मुलखातल्या लोकांना अजून आपल्या पायांवर उभं राहता येत नाही. तेव्हा जगातल्या मोठ्या राष्ट्रांनी मिळून असं ठरवलंय की, त्यांना उभं राहता येईपर्यंत आपल्या सरकारनं त्यांचा भार खांद्यावर घ्यायचा. समजलं?"

मला समजलं. मला असं समजलं की बस्स. मी खुर्चीवाला. पायांवर उभं राहता येत नाही आणि खांद्यावर घ्यायचं, याचा माझ्या लेखी एकच अर्थ. लढाईत तिकडं सगळं गावच्या गाव लंगडं झालंय आणि दादाला तिथं खुर्ची उचलायला ठेवलंय! क्षणभर बरंही वाटलं. म्हटलं, चला, बंदूक तर नाही. खुर्ची काय, घरचंच काम.

"मंजी दादा खुर्चीलाच हाय व्हय?" मी विचारलं.

रावबहादूर इतके हसले की काठी सुटली. त्यांनी साहेबाला सांगितलं. साहेब हसता हसता माझ्या पाठीवर थोपटायला लागला. घोड्याला थोपटतात तसं. थोपटली त्यानं नकाशावरनंच. बगदादवर चार थापा.

मग डोळे पुसत रावबहादूर म्हणाले, "अरे मूर्खा, खुर्ची कसली! तुझ्या भावाची पलटण तिथं बंदोबस्ताला ठेवलीय. तिथले लोक उठलेत ना!"

ओणव्यानं मी ते ऐकलं. उठलेत.

मी अडाणी. त्या वेळी अक्षरसुद्धा येत नव्हतं, ते मागाहून शिकलो, रागानं. पण मराठी माझ्या आईची आहे.

"रावसाहेब," मी म्हणालो, "उभं ऱ्हाता येत न्हाई म्हनला. मग उठली कशी?"

हसणं थांबलं. रावबहादुरांनी सुटलेली काठी पुन्हा कोपऱ्यावर दाबली.

"तुला नाही कळायचं ते," रावबहादूर म्हणाले. "हलू नकोस."

आणि तिथं मला कळलं. सगळं एकदम, कुणी पाटी पुसून लख्ख करावी तसं. लोणावळ्यापासून इथवर ज्याचा पाय भुईला लागला नाही, तो म्हणतोय की दुसऱ्यांना चालता येत नाही. चहा माझ्या मानेवर, तुर्कस्तान माझ्या फऱ्यावर, आणि भार म्हणे यांनी खांद्यावर घेतलाय. कुणाच्या? दादाच्या. आणि दादाचं काम काय, तर जे उठलेत त्यांना पुन्हा खाली बसवायचं.

मी उठलो.

काही विशेष केलं नाही. कुणाला मारलं नाही. फक्त सरळ झालो, जितका आहे तितका. कपबशी खडकावर फुटली. वाऱ्यानं नकाशा उचलला, कड्यापलीकडं नेला. फ्रान्सचा वाटा, आपला वाटा, लाल रेघा, सगळं फडफडत कोकणावर गेलं. मग नागफणीच्या वाऱ्यानं आपली रीत पाळली. नकाशा फिरला, वर आला आणि थाडकन रावबहादुरांच्या तोंडावर बसला. पगडी मात्र गेली. ती परत आली नाही. खाली कुणा धनगराची बकरी तिच्यात बसते म्हणतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, तेवढं सोडून द्या.

साहेबानं छडी उगारली. "सुअर! कुर्सी उठाओ! वापस चलो!"

मी हात मागं बांधून उभा राहिलो. एकटाच होतो. खुर्चीवर सगळ्या वस्तीची पोटं होती आणि मी ती कड्यावरून ढकलली होती. मी म्हादूआबाकडं बघितलं. आबा सावकाश उठला, धोतर झटकलं, आणि खालच्या कोकणाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"खुर्ची!"

बाकी सातही गड्यांनी झेलली.

"खाली!"

आणि आम्ही निघालो. बांबू तिथंच. पळालो नाही. चालत उतरलो. मागनं रावबहादूर ओरडत होते, "अरे, आम्ही कसं यायचं?" आबानं मागं न बघता सांगितलं, "पायांवर उभं ऱ्हावा आधी. मंग बगू."

आले दोघं. तिन्हीसांज झाली यायला. रावबहादूर उतारावर बराचसा बसूनच आले, सरकत सरकत. विजार मळायची ती मळलीच.

माझंही तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी फौजदार आला आणि चौकीत नेलं. त्याच पाठीवर त्यांनी दुसरा नकाशा काढला, वेताच्या छडीनं. त्यात साहेबाच्या नकाशापेक्षा सीमा जास्त होत्या. खुर्चीचं काम वस्तीला पुढं कित्येक दिवस मिळालं नाही. काहींनी मला शिव्या दिल्या. त्यांच्या शिव्या मी ऐकून घेतल्या, त्यांचा हक्क होता.

वहिनीनं पाठीला हळद-तेल लावलं.

"इचारलं का, भावजी?"

"व्हय."

"कवा येनार?"

"न्हाई सांगितलं. तितले लोक उठल्यात म्हनं. दादाला बंदोबस्ताला ठिवलंय."

तिचा हात थांबला. "उठलेल्यास्नी बसवायला?"

"व्हय."

तिनं वाटीतलं उरलेलं तेल बोटांवर घेतलं आणि म्हणाली, "मंजी साह्यबाचं टेबल तुमी, आन् छडी ह्ये."

एवढं शहाणपण त्या रावबहादुराला अख्ख्या हयातीत सुचलं नसेल.

दादा आला. उशिरा आला, पण धडधाकट आला, बिल्ला घेऊन. त्यानं तो बिल्ला कधी छातीला लावला नाही. तिकडची गोष्ट सांग म्हटलं की खजुराच्या झाडांचं सांगायचा. एकदाच, भात लावता लावता, मान वर न करता म्हणाला, "एक गाव जाळलं रं आमी. समदी पळाली. एक म्हातारी तेवडी दारात हुबी ऱ्हायली. हललीच न्हाई." आणि पुढचं रोप उचललं. त्यावर मीही थाप मारली नाही. माझ्या आयुष्यात बहुतेक तेवढीच वेळ.

हे सगळं आता का लिहितोय? कारण पुन्हा नकाशे निघालेत. दुसरी लढाई झाली, तिच्यातही आमचीच पोरं नेली. आणि आता साहेब जायच्या तयारीत आहे. जाता जाता लाल पेन्सिल पुन्हा काढलीय म्हणतात, या खेपेला आपल्याच मुलखावर. लोणावळ्याच्या बंगल्यांत दिवे तेच आहेत, खुर्च्यांत बसणारे बदललेत. खांदा, बदल.

परवा त्याच रावबहादुरांचा मुलगा कुरवंड्यात आला. खादी, चष्मा, गोड बोलणं. बापापेक्षा चांगला, चालत आला. पारावर उभं राहून त्यानं गावाला सांगितलं की उद्या आपलं राज्य आलं की जगात आपला शब्द कसा चालेल, कुणाशी दोस्ती, कुणाशी दुरावा. ऐकायला बरं होतं. मग म्हणाला, "मात्र आपल्या लोकांना अजून आपल्या पायांवर उभं राहता येत नाही. तोवर आम्हा काही जणांना हा भार खांद्यावर घ्यावा लागेल."

मी गर्दीच्या मागं होतो. मणक्यात मोसल ठणकलं.

त्यानं नकाशा उलगडला. वारा होताच. नकाशा फडफडला, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"आबा," तो मोठ्या आदरानं म्हणाला, "जरा एक टोक धरता का?"

"न्हाई."

"अहो, उडतंय म्हणून. नुसतं टोक."

"सुरवात टोकापास्नंच व्हतीया, भाऊ. भुईवर ठिवा त्यो नकाशा. दगूड ठिवा चार बाजूंनी. आन् बगायचा आसंल तर तुमी वाका."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय, आता हसेल, येईल आणि धरेल.

मी हललो नाही.