हंगेरीवाल्याच्या पट्ट्या

रियाधमधल्या एका बॉक्सिंग जिममध्ये मी फरशी पुसतो, चहा करतो आणि बॉक्सर लोकांच्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या धुतो. शाळा चौथीपर्यंत. बायको गेल्याला आठ महिने झाले. तिनं रत्नागिरीकडे, आमच्या गावात डोळे मिटले. तेव्हा मी इथे पट्ट्या वाळत घालत होतो.

तिचं दुखणं मला कुणी कळवलंच नाही. फोनवर ती नुसता चेहरा दाखवायची. पाय सुजलेले, ते कधी दिसले नाहीत. "मी बरी हाय. तुम्ही जेवलाव?" मुलाला विचारलं की तो म्हणायचा, "अम्मी निजलीय." परदेशातल्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, ही आमच्याकडची रीतच. आणि आमच्या घरात ती मीच पाडली. इथे जिन्यावरून पडून माझा पाय मोडला तेव्हा दीड महिना तिला सांगत होतो, मजेत आहे.

तर आमच्या जिममधला हंगेरीवाला. तरुणपणी हौशी बॉक्सर, देशासाठी लढला. तेव्हा डोक्याला मार वाचवायचा टोप, फेऱ्या तीन, जिंकला की मेडल. मग धंदेवाईक झाला. टोप गेला, फेऱ्या वाढल्या. आधी जिंकला. नंतर चढत्या पोरांना जिंकायला समोर हरणारा कुणीतरी लागतो, म्हणून त्याला बोलवायला लागले. इथेही त्यासाठीच आणला होता. चहात चार चमचे साखर घ्यायचा.

"साखरेनं मरशील," मी म्हणायचो.

"नाही चाचा, ठोसे पहिले नंबर, साखर दुसरी!" तो मोडक्या हिंदीत म्हणायचा आणि हसायचा.

लढतीला तीन दिवस होते. सकाळी पट्टी बांधताना तिच्या टोकाच्या फासात त्याचा अंगठा जाईना. एकदा चुकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मीच धरून घातला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "चाचा, खलास, बस्स. कुणाला बोलू नको."

मग त्यानं बाकावर बसून आपल्या बायकोला फोन लावला. त्यांची भाषा मला एक अक्षर येत नाही. पण तो हसत होता, आणि थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला होता. ते हसू माझ्या ओळखीचं.

बादली तिथेच सोडली आणि जाऊन जिमच्या डॉक्टरला सगळं सांगितलं.

तपासणीत मेंदूवर रक्त साकळलेलं निघालं. लढत रद्द. पुढच्याही सगळ्या. हॉस्पिटलात न्यायला आले तेव्हा तो ओरडला, "तू चहावाला! तुला विचारलं कुणी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "बायकोला सांग. आजच सांग."

त्यानं पट्ट्या माझ्या अंगावर फेकल्या.

ऑपरेशन झालं, वाचला. काही आठवड्यांनी सामान न्यायला आला, सोबत बायको. मी पट्ट्या धुऊन, गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यानं घेतल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारात त्याच्या बुटाची नाडी सुटली तर त्याची बायको तिथेच खाली बसली, त्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नाडी बांधली.

मी बघत राहिलो. मलाही एवढंच करायचं होतं. माझ्या बायकोचे ते सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं असतं. मला कुणी सांगितलंच नाही.