बारीच्या गल्लीतले नखुले

आज इथे परदेशात, एडिसन गावातल्या माझ्या घरी रवा भिजवला आणि त्या ओल्या वासाने मी मनाने थेट बारीला पोचले. इटलीच्या दक्षिणेतलं ते जुनं बंदर; आईला घेऊन फिरायला गेले होते तिथे. दगडी गल्लीत, दारापुढे बसून एक आजी अंगठ्याने पास्त्याचे इवलेसे कान वळत होत्या. मला फोटो हवा होता, पण विचारायची लाज वाटली. आई मात्र सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"अगं, हे तर आपले नखुले! रुखवतात मांडतो ते."

"आई, प्लीज ऊठ. त्यांना मराठी येत नाही."

"मी कुठे बोलतेय? वळतेय."

तिचा नखुला आजींनी निरखला आणि हसून पिठाचा गोळाच तिच्यापुढे सरकवला. मी अनोळखी असल्यासारखी लांब उभी राहिले.

आज माझे नखुले फाटतायत. पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फोन टेकवून ठेव. तुझे हात बघायचेत."